हार्ड डिस्क घेताना टीबी आणि किंमत सोडून तिसरी एक गोष्ट बघा

२०२५ संपता संपता रॅम आणि एसएसडीचे (फिरत्या तबकडीऐवजी चिप्समध्ये डेटा ठेवणाऱ्या डिस्कचे) भाव चढायला लागले आणि ज्यांनी पीसी अपग्रेड करायचं ठरवलं होतं त्यांचं सगळं बजेटच कोलमडलं. एआयसाठी जी प्रचंड डेटा सेंटर्स उभी राहतायत ती मेमरी चिप्स ठोकात उचलतायत, आणि चिप बनवणाऱ्या कंपन्यांना घरगुती गिऱ्हाइकापेक्षा तिकडे जास्त पैसा दिसतोय. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर क्रूशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं, ज्या क्रूशलच्या एसएसडी आपल्याकडे बजेट पीसीमध्ये डोळे झाकून टाकल्या जायच्या. मोठ्या हार्ड डिस्कनाही त्याच डेटा सेंटर्सकडून मागणी आहे त्यामुळे त्याही काही स्वस्त झालेल्या नाहीत, पण एका टीबीमागे, म्हणजे साधारण हजार जीबीमागे, किती रुपये पडतात हे बघितलं तर हार्ड डिस्क आजही एसएसडीच्या बरीच खाली आहे. म्हणून मधे जिला सगळ्यांनी म्हातारी ठरवून टाकलं होतं त्या हार्ड डिस्कची परत चौकशी सुरू झालीय, दादा गेम आणि पिक्चर टाकायला स्वस्तातली कुठली घेऊ.

दुकानात असो की ऑनलाईन, उत्तर येतं ते दोनच आकड्यांत, किती टीबी आणि किती रुपये. माझं म्हणणं आहे की तिसरी एक गोष्ट या दोन्हींपेक्षा महत्त्वाची आहे: तुम्ही त्या डिस्कवर जे टाकणार ते एकदा लिहून नंतर नुसतं वाचत राहणार, की सारखं खोडून परत लिहिणार? पिक्चर, लग्नाचे व्हिडिओ, फोटो हे पहिल्या प्रकारात येतात आणि गेम दुसऱ्या प्रकारात. हे कळलं की कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे अजिबात वाचवायचे नाहीत ते आपोआप कळतं.

## आत नेमकं काय फिरतं

हार्ड डिस्कच्या आत चकचकीत गोल तबकड्या असतात, त्यांच्यावर चुंबकीय थर असतो आणि त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. एका दांडीच्या टोकाला हेड असतं, ते तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगत डेटा लिहितं आणि वाचतं. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, सगळा डेटा चिप्समध्ये, त्यामुळे कुठल्याही कोपऱ्यातली गोष्ट काढायला सारखाच आणि अगदी किरकोळ वेळ लागतो.

आता थोडं गणित करू, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, म्हणजे एक फेरी साधारण ८.३ मिलिसेकंदाची. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, म्हणजे ४ मिलिसेकंद, आणि त्याच्या आधी हेडला योग्य ट्रॅकवर सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद. म्हणजे एका ठिकाणचा डेटा गाठायला साधारण १३ मिलिसेकंद, आणि सेकंदाभरात जेमतेम ७५-८० ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी फक्त ४ केबीचा छोटा तुकडा उचलायचा असेल तर अख्ख्या सेकंदात ३०० केबी हाती लागतात! आणि हीच डिस्क, तीच मोटर, पण फाईल सलग एकाच जागी ठेवलेली असेल तर सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी सहज देते.

तुम्ही हे डोळ्यांनी बघितलेलं असणार. जुन्या लॅपटॉपवर विंडोज सुरू होताना टास्क मॅनेजर उघडा, डिस्क १०० टक्के दाखवतंय आणि बाजूला स्पीड बघावा तर १-२ एमबी. लोकांना वाटतं डिस्क गेली. डिस्क बऱ्याचदा ठणठणीत असते, तिला फक्त एकाच वेळी शंभर ठिकाणी पळवलं जातंय.

## पिक्चरला पुरते, मग गेमला का पुरत नाही

पिक्चर ही एक मोठी सलग फाईल आहे. फोर-के ब्लू-रे डिस्कवरचा कमाल डेटा रेट सेकंदाला १२८ मेगाबिट आहे, ८ बिटांचा एक बाइट म्हणून ८ ने भागा, १६ एमबी झाले. म्हणजे घरात बघता येईल अशा सगळ्यात भारी क्वालिटीच्या पिक्चरला सेकंदाला १६ एमबी लागतात आणि साध्यातली साधी हार्ड डिस्क १०० च्या वर देते. त्यामुळे नुसते पिक्चर, सिरियल, गाणी, मुलांचे फोटो यासाठी ७२०० आरपीएमवाली घ्या, मोठा कॅश (डिस्कमधली छोटी तात्पुरती मेमरी) घ्या, गेमिंग डिस्क घ्या असं कुणी सांगत असेल तर तो खर्च वाया आहे. ५४०० वाली घ्या, ती गारही राहते आणि आवाजही कमी करते.

गेमचं तसं नाही. गेममध्ये हजारो टेक्श्चर, आवाज, मॉडेल्स असतात आणि तुम्ही शहरात गाडी वळवली की पुढच्या गल्लीतल्या शंभर गोष्टी त्याच क्षणी लागतात, त्या डिस्कवर कुठे कुठे पडलेल्या असतील त्या. मग इमारती उशिरा दिसतात, रस्ता आधी धुरकट आणि मग स्पष्ट होतो, गेम मधेच अडखळतो. पूर्वीचे गेम हार्ड डिस्क गृहीत धरूनच बनवले जायचे, जीटीए ५ पीसीवर २०१५ ला आला आणि तो आजही हार्ड डिस्कवर बऱ्यापैकी चालतो. पण नवीन मोठे गेम आता सरळ एसएसडी मागतात. बाल्डर्स गेट ३ च्या गरजांमध्ये १५० जीबी आणि एसएसडी लिहिलंय, स्टारफील्डला १२५ जीबी आणि एसएसडी, आणि सायबरपंक २०७७ ने २०२३ मध्ये २.० अपडेटच्या वेळी किमान गरजांमधून हार्ड डिस्क काढूनच टाकली.

याच्यात एक ताजी आणि मजेदार गोष्ट घडली ती सांगतोच. हेलडायव्हर्स २ हा गेम पीसीवर १५४ जीबी जागा खायचा. का, तर हार्ड डिस्कवाल्यांच्या हेडला पळापळ करायला लागू नये म्हणून एकच फाईल डिस्कवर अनेक ठिकाणी परत परत ठेवली होती, म्हणजे जे लागेल ते आसपासच सापडेल. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने त्या सगळ्या जादा कॉप्या काढल्या आणि गेम २३ जीबीवर आला. आणि चाचणीत काय दिसलं, तर हार्ड डिस्कवर लोडिंगला फक्त काही सेकंद जास्त लागतायत, कारण त्या गेममध्ये वेळ खाणारं काम मुळात डिस्कचं नव्हतंच. तर हार्ड डिस्कवर गेम चालतच नाही हेही खरं नाही आणि सगळे चालतात हेही नाही, गेमगणिक फरक आहे.

## लेबलवर न छापलेली गोष्ट

इथे जरा थांबून नीट वाचा, कारण स्वस्त डिस्क घेणारे बहुतेक लोक इथेच फसतात.

हार्ड डिस्कवर डेटा लिहायच्या दोन पद्धती आहेत. एक सीएमआर, त्यात प्रत्येक ट्रॅक शेजारच्या ट्रॅकपासून वेगळा असतो. दुसरी एसएमआर, त्यात ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. लिहिणाऱ्या हेडला रुंद पट्टा लागतो पण वाचणाऱ्याला अरुंद पट्टाही पुरतो, म्हणून कंपन्यांनी पट्टे एकावर एक सरकवले आणि तेवढ्याच तबकडीत जास्त डेटा बसवला. कोकणातल्या कौलारू घराचं छप्पर डोळ्यासमोर आणा. प्रत्येक ओळीतलं कौल खालच्या ओळीची वरची कड झाकून बसलेलं असतं. पाऊस आत येत नाही, सगळं छान, पण पावसाळ्यात मधलं एक कौल फुटलं तर ते बदलायला वरच्या ओळीतली कौलं उचलावी लागतात. एसएमआर डिस्कवर हेच होतं आणि त्याहून वाईट होतं, कारण मधला एक ट्रॅक बदलला की त्याच्यावर चढलेला पुढचा ट्रॅक खराब होतो, तो परत लिहायचा तर त्याच्या पुढचा, असं करत करत त्या गटाच्या शेवटपर्यंत सगळं वाचून परत लिहावं लागतं. एक गट शेकडो एमबीचा असू शकतो.

कंपन्यांनी यावर उपाय म्हणून डिस्कवर थोडी साधी जागा राखीव ठेवलेली असते. नवीन डेटा आधी तिथे उतरतो आणि डिस्क निवांत असली की तो हळूहळू मुख्य जागेत लावून ठेवते. म्हणूनच ही डिस्क सुरुवातीला चांगली वाटते. कॉपी लावली, १६० एमबीने सुरू झाली, तुम्ही खूश, आणि काही जीबी गेल्यावर आकडा धाडकन २०-३० वर येतो, कधी कधी शून्यावर जाऊन बसतो आणि परत उठतो. केबल खराब आहे की काय म्हणून लोक पोर्ट बदलत बसतात. कॉपी संपल्यावरही डिस्कचा कुरकुर आवाज येत राहतो, ती आत आवराआवर करत असते.

वाचताना मात्र एसएमआर आणि सीएमआरमध्ये फरक जवळजवळ जाणवत नाही. म्हणून माझं साधं सांगणं आहे की पिक्चर आणि फोटोसाठी एसएमआर बिनधास्त घ्या, एकदा रात्री कॉपी लावून झोपलात की नंतर वर्षानुवर्षं फक्त वाचायचंय. गेमसाठी घेऊ नका. गेमचे अपडेट कसे येतात बघा, स्टीम या पीसी गेम विकत घेऊन डाऊनलोड करायच्या अॅपवर डाऊनलोड २ जीबीचं दिसतं पण गेमच्या फाईली एकेक ३०-४० जीबीच्या असतात आणि त्यातला छोटा भाग बदलायला ती मोठी फाईल नव्याने जोडावी लागते. डाऊनलोड पाच मिनिटांत संपतं आणि मग पॅचिंग लिहून येतं ते हलतच नाही. सीएमआरवर यालाही वेळ लागतो पण एसएमआरवर जीव जातो.

## मग ओळखायची कशी

पुढ्यात दोन डिस्क ठेवल्या तर बघून कळत नाही. २०२० मध्ये यावरून मोठा गदारोळ झाला होता, वेस्टर्न डिजिटलने आपल्या रेड मालिकेतल्या काही डिस्कमध्ये गिऱ्हाइकाला न सांगता एसएमआर वापरल्याचं बाहेर आलं, आणि रेड तर खास नॅससाठी (घरच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेल्या, अनेक डिस्कच्या डब्यासाठी) म्हणून विकली जायची, जिथे एसएमआर अजिबात नको असते. लोक चिडले, मग वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा तिघांनीही कुठलं मॉडेल कुठल्या पद्धतीचं हे जाहीर केलं. हार्ड डिस्क बनवणाऱ्या जगात आता एवढ्या तीनच कंपन्या उरल्यात, बाहेरून कुठलंही नाव छापलेलं असलं तरी आत यांच्यापैकीच एक.

त्यामुळे मालिकेचं नाव पुरत नाही, मॉडेल नंबर लागतो. उदाहरण सांगतो, सीगेटच्या बॅराकुडा मालिकेमध्ये १ टीबीची एसटी१०००डीएम०१० ही सीएमआर आहे आणि त्याच बॅराकुडामधली २ टीबीची एसटी२०००डीएम००८ ही एसएमआर. डबा सारखा, नाव सारखं, आतलं काम वेगळं. दुकानदाराला फोन करून सांगा की लेबलचा फोटो पाठवा, तो नंबर कंपनीच्या साईटवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. जे दुकानदार फोटो पाठवायला कां-कूं करतात त्यांच्याकडून मी तरी घेणार नाही.

नंबर न शोधता जवळजवळ खात्रीने सीएमआर हवी असेल तर सीगेट आयर्नवुल्फ, वेस्टर्न डिजिटल रेड प्लस, तोशिबा एन३०० या नॅसच्या मालिका बघा. साध्या डिस्कपेक्षा थोड्या महाग पडतात पण वॉरंटी साधारण ३ वर्षांची असते, साध्या डेस्कटॉप डिस्कला बऱ्याचदा २ वर्षंच मिळतात.

आणि कॅशच्या आकड्याला भुलू नका. २५६ एमबी कॅश म्हणजे डिस्क भारी असं विकताना सांगतात. २ टीबीच्या साध्या डिस्कवर २५६ एमबी कॅश दिसला तर माझ्या मनात उलट शंका येते, कारण एसएमआरचा कारभार सांभाळायला मोठा कॅश लागतो, म्हणून तो दिलेला असतो.

## किती टीबी घ्यावी

किमतीला टीबीने भागा, दुसरं काही नको. १ टीबीची डिस्क टीबीमागे जवळजवळ नेहमीच महाग पडते, कारण मोटर, हेडची दांडी, सर्किट, बाहेरची पेटी हे सगळं १ टीबीला पण लागतं आणि ४ टीबीला पण लागतं. त्यामुळे थोडे पैसे साठवून २ किंवा ४ टीबीवर गेलात तर फायदा. एक जुनी तक्रार इथेच मिटवतो, १ टीबी घेतली आणि विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसतात, कुणी काही चोरलेलं नाही. कंपनी १०००च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या पटीत, म्हणून २ टीबी १.८१ दिसते आणि ४ टीबी ३.६३.

## "मग सगळं एसएसडीवरच का नको?"

पैसे असतील तर जरूर घ्या, गेमसाठी तीच चांगली. पण सध्याच्या भावात ४ टीबी एसएसडी हे बहुतेक घरांच्या बजेटबाहेर आहे आणि त्या ४ टीबीतले ३ टीबी पिक्चर आणि फोटो असतील तर त्या वेगाचा तिथे काडीचा उपयोग नाही.

स्वस्तातली एसएसडी घेतानाही एक बघा, क्यूएलसी प्रकारच्या (तेवढ्याच जागेत जास्त डेटा कोंबणाऱ्या, स्वस्त) चिप्सवाल्या काही एसएसडी मोठी कॉपी सुरू केली की थोड्या वेळाने ८०-१०० एमबीवर येतात, म्हणजे लिहिताना हार्ड डिस्कपेक्षाही खाली. आणि एसएसडी कपाटात ठेवून विसरून जायची वस्तू नाही. तिच्यात डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि वीज न देता फार काळ पडून राहिली तर तो भार हळूहळू झिरपतो, वापरून वापरून झिजलेल्या एसएसडीत तर लवकरच. आईबाबांच्या लग्नाची कॅसेट डिजिटल करून ठेवायची असेल तर ती हार्ड डिस्कवर ठेवा, आणि एका डिस्कवर नाही, दोन डिस्कवर.

माझ्या मते मध्यमवर्गीय घरातल्या पीसीला सगळ्यात शहाणा हिशोब असा: ५०० जीबी किंवा १ टीबीची एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी, वेगवान) एसएसडी, तिच्यावर विंडोज आणि सध्या खेळत असलेले दोन-तीन गेम, आणि सोबत २ ते ४ टीबीची सीएमआर हार्ड डिस्क, तिच्यावर पिक्चर आणि सध्या न खेळत असलेले गेम. स्टीममध्ये सेटिंग्जमधे स्टोरेजमध्ये जाऊन गेम निवडून मूव्ह म्हटलं की तो एका डिस्कवरून दुसरीवर जातो, परत डाऊनलोड करायची गरज नाही.

## "नेट फास्ट आहे, डिलीट करून परत डाऊनलोड करू की"

करून बघा हिशोब. १०० जीबीचा गेम, घरी ४० एमबीपीएसचा (सेकंदाला ४० मेगाबिटचा) प्लॅन, सगळं नीट चाललं तर साडेपाच तास. तोच गेम हार्ड डिस्कवर ठेवला असेल तर एसएसडीवर आणायला दहा-बारा मिनिटं. शनिवारी रात्री मित्र ऑनलाईन येऊन थांबलेत आणि तुमचं डाऊनलोड ३० टक्क्यांवर आहे, यापेक्षा जास्त काही सांगायला नको. घरात भावाचं वर्क फ्रॉम होम असेल तर शिव्या वेगळ्या.

क्लाऊडवर पिक्चर आणि व्हिडिओ ठेवू म्हणणाऱ्यांना पण तेच, २ टीबी डेटा २० एमबीपीएस अपलोडने चढवायला रात्रंदिवस लावून सव्वानऊ दिवस लागतात आणि त्यानंतर दर महिन्याला भाडं. निवडक फोटोंसाठी क्लाऊड उत्तमच आहे, डिस्क चोरीला गेली किंवा घरात पाणी शिरलं तरी ते वाचतात. अख्ख्या संग्रहासाठी मात्र आपल्याकडच्या घरगुती नेटवर ते झेपत नाही.

## बाहेरची की आतली, आणि टीव्ही, कन्सोलचं काय

डेस्कटॉप असेल तर आतली ३.५ इंची घ्या, टीबीमागे चांगली पडते आणि तिच्यात सीएमआर मिळू शकते. खिशात मावणाऱ्या २.५ इंची बाहेरच्या डिस्क १ टीबीच्या पुढे जवळजवळ सगळ्या एसएमआर असतात, त्यामुळे त्या पिक्चर, फोटो आणि बॅकअपसाठी घ्या. आणखी एक, यातल्या बऱ्याच डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड थेट आतल्या सर्किटवरच जोडलेलं असतं, आत पीसीला थेट जोडायचा वेगळा साटा पोर्ट नसतोच. पेटीवरचं तोंड सैल झालं किंवा तुटलं तर डिस्क काढून पीसीला जोडू असं म्हणता येत नाही, डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जावं लागतं. म्हणून केबल हिसकू नका, आणि फिरती डिस्क लावलेला लॅपटॉप मांडीवरून इकडे तिकडे करू नका.

टीव्हीला लावणार असाल तर दोन अडचणी नेहमी येतात. एक, टीव्हीच्या जुन्या यूएसबी पोर्टला ५०० मिलिअँपिअरच मिळतात आणि डिस्कची मोटर सुरू व्हायला कधी कधी जास्त लागतात, मग डिस्क टिकटिक आवाज करते आणि दिसतच नाही. डिस्क खराब नाहीये, तिला करंट कमी पडतोय, ३.० चा पोर्ट असेल तर तिथे लावा नाहीतर पॉवर अॅडॉप्टरवाला यूएसबी हब वापरा. दुसरी अडचण फॉरमॅटची. फॅट३२ मध्ये एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, त्यामुळे चांगल्या क्वालिटीचा पिक्चर कॉपीच होत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करा, आणि कुठलं चालतं ते टीव्हीच्या मॅन्युअलमध्ये आधी बघा, डिस्क भरल्यावर फॉरमॅट बदलायची वेळ आली तर सगळं परत कॉपी करत बसावं लागतं.

कन्सोलवाल्यांनो, पीएस५ ला यूएसबी हार्ड डिस्क लावता येते, २५० जीबी ते ८ टीबीपर्यंत, पण तिच्यावरून पीएस५ चे गेम चालत नाहीत, फक्त ठेवता येतात आणि खेळायचं तेव्हा आत आणावे लागतात. पीएस४ चे गेम थेट चालतात. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एसचंही तसंच, त्यांच्यासाठी खास बनवलेले नवे गेम आतूनच, आधीच्या पिढीचे यूएसबीवरून. दुकानात पीएस५ साठी गेमिंग हार्ड डिस्क म्हणून रंगीत लाईटवाली महाग डिस्क दाखवली तर हे लक्षात ठेवा, तिथे साधी डिस्क तेच काम करेल.

## "सीसीटीव्हीवाली स्वस्तात मिळतेय, ती चालेल का?"

हा प्रश्न फार येतो कारण आता प्रत्येक सोसायटीत आणि दुकानात कॅमेरे लागलेत आणि वेस्टर्न डिजिटल पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. चालते. या डिस्क दिवसरात्र सुरू राहायला बनवलेल्या असतात, पीसीलाही व्यवस्थित लागतात आणि त्यातली बहुतेक मॉडेल्स सीएमआर असतात. फक्त त्यांचा भर सतत सलग लिहिण्यावर असतो, इकडून तिकडून छोटे तुकडे चपळाईने उचलण्यावर नाही. पिक्चरच्या संग्रहासाठी मला ही निवड आवडते, गेम पार्क करायलाही हरकत नाही.

## सेकंड हँड आणि "रिफर्बिश्ड"

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा ऑनलाईन, जुन्या सर्व्हरमधून काढलेल्या मोठ्या डिस्क खूप कमी भावात दिसतात. घ्यायच्याच असतील तर आत काय वापर झालाय ते बघूनच. डिस्क स्वतःची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर ती दाखवतं. त्यात पॉवर ऑन अवर्स बघा, एका वर्षाचे ८७६० तास होतात, ४० हजार तास दिसले तर ती डिस्क साडेचार वर्षं अखंड फिरून आलीय.

पण ही नोंदही पुसता येते. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीतल्या हाइजे या टेक प्रकाशनाने उघड केलं की सीगेटच्या वापरलेल्या डेटा सेंटर डिस्क घड्याळ शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्या जात होत्या, त्यातल्या बऱ्याच चिया नावाच्या क्रिप्टो माइनिंगमधून निघालेल्या असल्याचा संशय होता. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक आतली नोंद असते आणि तिच्यात खरे तास सापडले. म्हणून बाजारभावापेक्षा फारच खाली कुणी नवीन म्हणून देत असेल तर सीरियल नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाका, भारतात वॉरंटी आहे का आणि कधीपर्यंत आहे ते तिथे दिसतं. आणि १६ टीबीचा पेनड्राईव्ह किंवा खिशातली एसएसडी हजार रुपयांत, असं काही दिसलं तर ते सरळ खोटं आहे, आतल्या छोट्या चिपला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं, भरत गेलात की आधीचा डेटा जातो.

कुठला ब्रँड कधीच जात नाही असंही विचारतात. असा ब्रँड नाही. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या लाखो डिस्कची नोंद दरवर्षी जाहीर करते, २०२४ मध्ये त्यांच्याकडे वर्षाला बिघडण्याचं प्रमाण १.५७ टक्के होतं, म्हणजे शंभरात दीडेक डिस्क, आणि तेही एसीत, स्थिर विजेवर. आपल्याकडे लाईट जाते येते, मे महिन्यात कॅबिनेटमध्ये पन्नास डिग्री होतात, त्यामुळे पीसीला यूपीएस आणि डिस्कसमोर एक पंखा यावर केलेला खर्च महागड्या मालिकेवर केलेल्या खर्चापेक्षा जास्त कामाला येतो. आणि वॉरंटीत नवीन डिस्क मिळते, आतले फोटो नाही मिळत.

## घरी आणल्या दिवशी काय करायचं

डेटा टाकायच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. नवीन डिस्कचे तास शून्याच्या आसपास हवेत. रीअॅलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळींत शून्यच हवा, हे खराब झालेल्या किंवा होऊ घातलेल्या जागांचे आकडे आहेत. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जीपीटी निवडून पार्टिशन करा (जीपीटी आणि एमबीआर या डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायच्या नव्या आणि जुन्या पद्धती), एमबीआर ठेवलं तर साधारण २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. त्यानंतर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर लावा, ते पूर्ण डिस्क भरून परत वाचून तपासतं, २ टीबीला लिहिणं-वाचणं मिळून सात-आठ तास जातात, रात्री लावून झोपा.

सकाळी उठून परत तेच दोन आकडे बघा. अजून शून्य असतील तर पिक्चर भरायला घ्या. एक जरी वाढला असेल तर दुकानदार फॉरमॅट मारून देतो म्हणाला तरी ऐकू नका, रिटर्नची मुदत संपायच्या आत बिलासकट डिस्क परत करा आणि बदलूनच घ्या.